बटणांची बारशी

आमच्या ऑफिसात घुगऱ्या वाटल्या जायच्या, तेव्हा कुणाच्याही घरी पाळणा हललेला नसायचा. बारशाला वाटतात तशाच घुगऱ्या, हरभऱ्याच्या, वर खोबऱ्याचा कीस, कागदाच्या द्रोणात. ऑफिसात नवा आलेला माणूस भाबडेपणानं विचारायचा, "मुलगा की मुलगी?" आणि आम्ही सगळे एका सुरात सांगायचो, "बटण!"

हे खूळ गौतम शिंगेचं. बटण म्हणजे शर्टाचं नव्हे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर माऊसनं दाबायची बारीक बारीक चित्रं असतात ना, ती. अशा एखाद्या बटणाला नाव नसलं की गौतमच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "जल्माला घातलंय, आणि नाव कुणी ठेवायचं? शेजाऱ्यानं?" असं म्हणून तो टेबलावर थाप मारायचा, आणि मग शेजारधर्म म्हणून स्वतःच त्या बटणाचं नाव ठेवायचा. एका बैठकीत जेवढ्यांची नावं ठेवून व्हायची, तेवढ्यांच्या घुगऱ्या दुसऱ्या दिवशी त्याची आई डबाभर करून द्यायची. मी एकदा विचारलं, "अरे, तुमच्यात बारसं असतं का?" तर म्हणाला, "आमच्यात नामकरण म्हणत्यात, तुमच्यात बारसं. घुगऱ्या काय वेगळ्या शिजत्यात व्हय, आक्का?"

मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून आक्का. मी हुपरीची, तो गडमुडशिंगीचा, दोघांची गाडी एकच. तो वाटेत चढायचा आणि चढता चढता ओरडायचा, "आक्का, हाईसा का?" सगळी गाडी माझ्याकडे बघायची. हळू विचार, असं मी त्याला हजारदा सांगितलं असेल. "हळू इचारलं तर तुमी हाईसा हे कळायचं कसं?"

गौतमला दिसत नव्हतं. लहानपणी तापात डोळे गेले, एवढंच त्यानं मला सांगितलं, आणि तेही मी खोदून विचारलं म्हणून. "गेलं ते गेलं. त्यावर काय भाषण देऊ?" त्याला दयेचा शब्द चालत नसे. कुणी "बिचारा" म्हणालं की तो एवढ्या गोड आवाजात "का हो पावणं, तुमचं काय बिघडलंय?" असं विचारायचा की समोरचा चपला शोधायला लागायचा.

शाहूपुरीत एका दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, बिल किती झालं, सगळं त्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पडद्यावर नुसती अक्षरं असत, आणि गौतमच्या मशीनला ती अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक आवाज जोडलेला होता. हा आवाज इंग्रजी, आणि गौतमनं त्याचा वेग इतका वाढवलेला की मला तो मिक्सरमध्ये शेंगदाणे फिरवल्यासारखा वाटायचा. त्याला मात्र शब्दन् शब्द कळायचा. वर तो त्या आवाजाशी भांडायचा. "आरं व्हय की, कळलं की, किती येळा सांगशील!" त्याच्या टेबलावर पडदाच नव्हता. त्या जागी जेवणाचा डबा. संस्थांचे सेक्रेटरी यायचे, डब्यासमोर बसून तावातावानं भांडणारा माणूस बघायचे आणि मला खुणेनं विचारायचे, ह्याचं बरं आहे ना? मी म्हणायचे, तुमच्या संस्थेचं बोनसचं गणित ह्यानंच लिहिलंय, आता तुम्हीच ठरवा.

मग विंडोज आलं. गिऱ्हाइकांना रंगीत पडदे हवेसे झाले, आणि प्रोग्राम लिहायचं साधनही नवं घ्यावं लागलं. ते परदेशातल्या एका कंपनीचं. त्यात सगळा चित्रांचा बाजार. हे चित्र दाबलं की प्रोग्राम चालतो, ते दाबलं की थांबतो. चित्रं काढणाऱ्यांनी चित्रं काढली, पण त्यांच्यामागे नावं घालायची विसरले. चित्रामागे नाव असलं तर बोलणारा आवाज ते वाचतो. नसलं तर त्याला एकच शब्द येतो. पहिल्या दिवशी गौतमनं ते साधन उघडलं आणि आवाज बोलायला लागला, "ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक." गौतम पुढं सरकत गेला, तरी तेच. शेवटी त्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले. आपटले नाहीत, ठेवले. मला त्याचीच भीती वाटली.

आमचे मालक नाईकसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण धंदा बघणारा. त्यांनी गौतमला आत बोलावून मऊ आवाजात सांगितलं, "शिंगे, नवं काम ही बाकीची मंडळी बघतील. तू जुनं सांभाळ." जुनं म्हणजे जुन्या प्रोग्रामवर राहिलेल्या संस्था. त्या एकेक करून नव्याकडे चालल्या होत्या. शेवटची गेली की सांभाळायला काही उरणार नव्हतं, हे नाईकसाहेबांनाही माहीत होतं, मलाही, आणि गौतमला तर आमच्या आधी.

संध्याकाळी गाडीत तो म्हणाला, "आक्का, मला बुजगावणं केलं. मळा दुसऱ्यानं कसायचा, मी नुसता हुबा."

"मग आता?"

"आता काय? नव्यातच लिव्हणार. प्रोग्राम लिव्हायचा सोडून मला दुसरं काय येत न्हाय, आणि आलं तरी करायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः नाईकसाहेबांपुढं उभा राहिला. "साहेब, दिवाळीपतोर येळ द्या. दूध घालायची नवी स्क्रीन मी एकट्यानं करून दावतो. न्हाय जमलं तर जुनं सांभाळीन, तोंडातनं शबुद काढणार न्हाय." नाईकसाहेब हो म्हणाले. गौतम तोंडातनं शब्द काढणार नाही, ह्या लालचीनंच म्हणाले असावेत.

त्यानं शोधून काढलं ते असं. तो बोलणारा आवाज ज्या चित्राला 'ग्राफिक' म्हणतो, त्याला आपण इंग्रजी अक्षरांत टाइप करून एक नाव चिकटवू शकतो. मग पुढच्या वेळेपासून तो ते नाव घेतो. फक्त आधी ते चित्र कशाचं आहे, हे कुणीतरी डोळ्यांनी बघून सांगायला हवं. हे कुणीतरी म्हणजे मी. जेवणाची सुट्टी माझी, डोळे माझे, आणि शिव्याही मीच खायच्या. त्यासाठी गौतमच्या टेबलावर पहिल्यांदा पडदा आला. "किती जागा अडवतंय ध्यान," तो म्हणाला आणि डबा मांडीवर घेऊन बसला.

"काय दिसतंय?"

"चौकोन."

"कसला?"

"चौकोन कसला असतो? चौकोनी!"

"आत काय हाय?"

"बाण."

"बाण कुठनं निघालाय, कुठं चाललाय?"

"मला काय सांगून निघालाय?"

असं रोज. एका चित्राला मी हातोडी म्हणाले. पलीकडच्या टेबलावरून देशपांडे मान लांब करून म्हणाला, कुऱ्हाड आहे. नाईकसाहेब जाता जाता वाकले आणि म्हणाले, दात घासायचा ब्रश. गौतम खुर्चीतच डोलायला लागला. "अगाई गं! डोळं असून तुमास्नी कळंना, आणि म्हणे मी जुनं सांभाळू!" शेवटी तो ते बटण दाबूनच बघायचा. काय होतंय ते ऐकायचा आणि मगच नाव ठेवायचा. एकदा अशा दाबण्यात त्याच्या मशीनवर ठेवलेलं माझं दिवसभराचं काम उडालं. त्या दिवशी मी त्याच्याशी गाडीतसुद्धा बोलले नाही. त्या बटणाचं नाव त्यानं 'पणवती' ठेवलं, आणि मला समजवायला त्याच्या घुगऱ्या जास्त वाटल्या.

नावं अशी. प्रोग्राम चालवायचं बटण 'पळ'. थांबवायचं 'ऱ्हा थांब'. शोधायचं 'हुडीक'. लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजेल असा तयार करायचं बटण 'शिजव'. एक पाऊल मागे जायचं 'माघारी'. मी म्हटलं, इंग्रजी नावं ठेव की, पुस्तकात दिलीत ती. तर म्हणाला, "नाव ठेवायचा मान कुणाचा? पुस्तकाचा का आत्याचा?" म्हणजे मी आत्या! मग आत्यानं करायचं ते सगळं आलं. प्रत्येक नाव चिकटवून झालं की मी वाकून त्या मशीनच्या कानात 'कुर्रर' करायचं. कान कुठे, म्हणून विचारलं तर "पंख्याची भोकं हाईत तितं." मी हुपरीच्या चांदीवाल्यांची सून, घरात चार माणसांत मान असलेली बाई, आणि ऑफिसात कॉम्प्युटरच्या भोकात कुर्रर करत होते.

बटणं झाली, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. नव्या साधनात पडद्यावर खोकी मांडायची असतात. नावाचं खोकं इथं, दुधाचं तिथं. आम्ही ती माऊसनं ओढून मांडायचो. गौतम आकडे टाइप करून मांडायला लागला. त्याची पहिली स्क्रीन बघून मला हसू आवरेना.

"हसू नका. सांगा."

"अरे, सगळी एकाच पाटावर बसलीत. एकमेकांच्या मांडीवर."

"मग पंगत धराय पायजे," तो म्हणाला, आणि त्यानं एक छोटा प्रोग्रामच लिहिला. तो पडद्यावरची खोकी ओळीनं मोजून बोलून दाखवायचा: पहिल्या ओळीत कोण, त्याच्या उजवीकडे कोण, कोण कुणाला धक्का देतंय. त्याचंही नाव 'पंगत'. चुकायचं, मग पुन्हा. मी वैतागायचे, तो नाही. "आज न्हाय तर उद्या. उद्या न्हाय तर परवा. पर बसणार मीच."

दिवाळीच्या आधी दाखवायचा दिवस आला. नाईकसाहेब खुर्ची ओढून बसले. आम्ही मागे उभे. गौतमनं हेडफोन काढून स्पीकर लावला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. साधन उघडलं, आणि आवाज बोलला, "ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक."

एकूण एक नावं गेली होती. गौतमची बोटं थांबली. कपाळावर घाम. तो म्हणाला, "माझ्या मशीनला कुणीतरी हात लावलाय."

मग नाईकसाहेब खाकरले. "मी सकाळी जरा बसलो होतो इथं. माझं मशीन दुरुस्तीला गेलंय. अक्षरं फार बारीक दिसत होती, म्हणून सगळं मोठं करून घेतलं. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक."

मला उलगडा झाला. नावं त्या त्या आकाराच्या चित्राला चिकटलेली होती. चित्रं मोठी झाली, आवाजाला ती ओळखेनात.

"म्हंजे साहेब," गौतम सावकाश म्हणाला, "तुमास्नीबी दिसंना झालंय की!"

देशपांडेनं रुमाल तोंडात कोंबला. गौतमचं अजून संपलं नव्हतं. "तुमाला दिसंना, तर मशीन लगीच वाकलं. अक्षरं थोरली झाली, कुणी तुमाला म्हणालं न्हाय की साहेब, तुमी आता जुनं सांभाळा. मला तेवढंच पायजे हुतं. मशीन माझ्यासाठीबी थोडं वाकावं, एवढंच."

नाईकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मी पुढं होऊन अक्षरं पुन्हा बारीक केली. गौतमनं कळ दाबली. "पळ," आवाज म्हणाला. "हुडीक. शिजव." ह्या इंग्रज बाबाच्या तोंडून 'शिजव' ऐकून मला झाला एवढा आनंद कधी झाला नव्हता. मग गौतमनं खोकी मांडली, पंगत मोजली, प्रोग्राम शिजवला आणि पळवला. नाईकसाहेबांनी एका काल्पनिक म्हशीचं दूध घालून बघितलं. बिल बरोबर आलं. ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "शिंगे, दूध संघाचं नवं काम तू घे. आणि माझ्या चष्म्याचं बाहेर बोलू नको." संध्याकाळपर्यंत ते निम्म्या शाहूपुरीला कळलं होतं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गौतमला इतरांचा घोर. देशभरच्या अंध प्रोग्रामरांचा ईमेलवर एक गट होता, सगळे त्याच 'ग्राफिक'नं बेजार झालेले. गौतमनं आपली नावांची फाइल, आकाराच्या सूचनेसकट, आणि 'पंगत' सगळ्यांना पाठवून दिली. ती सगळी नावं कोल्हापुरी आहेत, हे ना त्याच्या लक्षात आलं, ना माझ्या. आम्हाला ती आता नावंच वाटत होती.

चौथ्या दिवशी ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला. मद्रासहून राघवन नावाचा मुलगा, बँकेच्या कामाचे प्रोग्राम लिहिणारा, अतिशय नम्र इंग्रजीत विचारत होता, मॅडम, हुडीक म्हणजे काय? आणि मी शिजव आधी दाबू की पळ?

मी गौतमला म्हटलं, इंग्रजी नावांची फाइल करून पाठव बाबा. त्यानं केली, पण कुरकुरत. "आपुन न्हाय त्यांचं इंग्लिश शिकलो? चार शबुद आमचं शिकलं तर काय झडतंय?" आणि गंमत म्हणजे बरेच जण शिकले. दिल्लीचा एक, हैदराबादची एक बाई, आणि हा राघवन. रोज कुणाचा ना कुणाचा फोन. पंगत चालत नाही, पणवती दाबली गेली, आता काय करू? गौतम रिसीव्हर कानाला लावून ओरडायचा, "प्रॉब्लेम? टेल प्रॉब्लेम!" नमस्कार नाही, चमत्कार नाही. अडचण सुटली की फोन खाली. मला म्हणायचा, "पावणं पाठ सोडंनात." आणि दुसऱ्या दिवशी फोन वाजला की माझ्या आधी हात पुढं.

त्याच वेळी त्यानं त्या परदेशी कंपनीचाही पिच्छा पुरवला होता. दर महिन्याला पत्र. इंग्रजी मी सुधारून द्यायचे, पण मुद्दा एकच: तुम्ही बटणं जन्माला घातलीत, नावं द्या. उत्तर यायचं, आपली सूचना मोलाची आहे. गौतम म्हणायचा, मोल नगं, नाव पायजे, आणि पुढचं पत्र सांगायचा. अशी काही वर्षं गेली. दुसरा कुणी थकला असता. ह्याचा आवाज तेवढा आणखी चढला.

आणि एका उन्हाळ्यात त्या साधनाची नवी आवृत्ती आली. गौतमनं ती उघडली. एकेक कळ दाबत तो पुढं गेला. प्रत्येक बटण आपलं नाव सांगत होतं. कंपनीनंच आतून घातलेलं, स्वच्छ इंग्रजी नाव. चित्र लहान करा, मोठं करा, नाव जागचं हलत नव्हतं. एकही 'ग्राफिक' नाही. मी तर टाळ्याच वाजवल्या. नाईकसाहेब बाहेर आले, सगळ्यांनी गौतमच्या पाठीवर थापा मारल्या. तो शेवटच्या बटणापर्यंत गेला, पुन्हा पहिल्यापासून सगळी ऐकली, आणि म्हणाला, "झालं की." आवाज हळू होता. गौतमचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर फोन कमी झाले. मग बंदच झाले. बरोबरच आहे, ज्याला त्याला आपापल्या मशीनवर सगळं ऐकू येत होतं, कशाला कोण कोल्हापूरला विचारेल? गौतम कामात होता, कामाला तोटा नव्हता. पण मधूनच रिसीव्हर उचलायचा, कानाला लावायचा आणि ठेवून द्यायचा. मला वाटलं फोन बिघडलाय. लाइनमन बोलावू का विचारलं, तर म्हणाला, "चालू हाय. म्या बघितलं."

एका संध्याकाळी सगळे गेले होते. मी पर्स आवरत होते, गौतम हातात काठी घेऊन तसाच बसलेला.

"चल की, गाडी जाईल."

"आक्का," तो म्हणाला, "घरला गेलो की आई इचारती, काय केलंस आज? मी सांगतो. तिला कळत न्हाय, तरी ती व्हय व्हय म्हणती. गावात मला सभेत बसवत्यात, हार घालत्यात. माझ्यासारखं अंधारात बसून मशीनशी भांडणारं माणूस तितं एकबी न्हाय. ती सगळी फोनवर हुती." त्यानं काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "त्यांचा प्रॉब्लेम मीच संपवला."

मला भडभडून आलं. आणि मला रडू येतंय असं वाटलं की मी चिडते, हा माझा जुना रोग. "मग बोटं काय झडली तुझी? तुला लावता येत नाही फोन?"

"काय म्हणून लावू? कारण काय सांगू?"

"बोलायला कारण लागतंय होय रे? लाव म्हणते ना!"

त्यानं काठी मांडीवर आडवी ठेवली. मग रिसीव्हर उचलला. मद्रासचा आकडा त्याला पाठच होता. पलीकडे घंटा वाजताना मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. घाम आलेला, दाखवायच्या दिवशी आला होता त्याहून जास्त.

"हॅलो, राघवन? गौतम. कोल्हापूर." राघवननं काय विचारलं असेल ते मला न ऐकताही कळलं. "नो. नो प्रॉब्लेम. न्यू व्हर्जन गुड. ऑल गुड." इंग्रजी त्याला येत होतं, पण आजवर त्यानं त्यात फक्त अडचणीच सोडवल्या होत्या. शेवटी एकदम कोल्हापुरीतच ओरडला, जणू आवाज चढवला की मद्रासला मराठी कळतं, "काय न्हाय रं! तुझा आवाज ऐकू वाटला, म्हणून लावला!"

मग तिकडून काहीतरी बोलणं सुरू झालं, भरभर, लांबलचक. मला शब्द कळत नव्हते, पण ते थांबत नव्हतं. गौतमनं काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत मागे रेलला.

"टेल, टेल," तो म्हणाला. "आय हॅव टाइम."

मी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. आमची गाडी चुकली. चुकली तर चुकली.